पुंगळीच्या बुडावरची अक्षरे

१९८० च्या आसपासची गोष्ट. दहावी करून मी शेतीला लागलो होतो आणि खाकी घालायला मिळते म्हणून होमगार्डात नाव घातले होते. वर्षातून एकदा चांदमारी असायची. ताडपत्रीवर पालथे पडायचे आणि थ्री नॉट थ्रीने पाच गोळ्या मारायच्या. खांद्याला असा दणका बसायचा की रात्री भाकर मोडताना हात दुखायचा. पण खरी परीक्षा नेमाची नव्हती, मोजणीची होती. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या रिकाम्या पितळी पुंगळ्या परत आल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी कोणी घरी जायचे नाही.

एकदा एक कमी भरलीच. दोन तास गवत चाळले. माझ्या शेजारच्या जागेवर आमच्याच गावातला एक सालदार होता. भुकेने डोके फिरले होते म्हणा, पण मी सगळ्यांदेखत बोललो, "याचे खिसे पाहा, पितळ मोडीत जातं." तो एवढेच म्हणाला, "दादा, मले काय करनं आहे तिचं?" आणि खिसे उलटे करून दाखवले. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी निघाली. दिवस बुडता बुडता ताडपत्री झटकली तर पुंगळी तिच्या घडीतून टपकली. ती घडी मीच घातली होती.

कोणाच्या तोंडाकडे पाहवेना म्हणून मी पुंगळीचे बूड पाहत बसलो. तिथे बारीक इंग्रजी अक्षरे ठोकलेली होती, के आणि एफ, शेजारी सालाचे आकडे. के म्हणजे किर्की. आपल्या खडकीला साहेबाच्या तोंडी किर्की म्हणत. ५ नोव्हेंबर १८१७ ला जिथे पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि मागे हटली, त्याच खडकीत ५२ वर्षांनी, १८६९ साली, इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना घातला. त्याआधी १८५७ ला काडतूस कागदाचे होते. ते दातांनी फाडावे लागे आणि त्याच्या चरबीवरून काय झाले ते शाळेत सगळ्यांनी वाचले आहे. पुढे कागद गेला आणि पितळ आले.

पितळच का, हे मला फार उशिरा कळले. पुंगळी नुसती डबी नाही. गोळी सुटते तेव्हा तिचे तोंड फुगून रायफलीच्या भिंतीला घट्ट बसते, म्हणून धूर आणि आग मागे शिपायाच्या तोंडावर येत नाही. लगेच ती जराशी आकसते, म्हणून ओढली की बाहेर येते. हे फुगणे-आकसणे पितळेला जमते, शंभरात ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असले म्हणजे. पट्टीतून चकती कापायची, चकतीची वाटी करायची आणि ती वाटी ओढून ओढून लांब करायची. दर ओढीला पितळ ताठरते, म्हणून मधे मधे तापवून नरम करावे लागते. आमच्या लहानपणी तांबट हंडा ठोकता ठोकता परत भट्टीत का घालायचा, ते यावरून उमगले. धंदा तोच, फक्त बुडावर अक्षरे ठोकलेली.

आणि यात एक गोष्ट अशी आहे की ती शेतकऱ्यालाच पटेल. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत. कोणी हात लावला नाही, गोळी मारली नाही, तरी पितळेला उभी भेग. ती ठेवलेली असत घोड्यांच्या पागेजवळ. मुतारीचा तो डोळ्यांत झोंबणारा वास म्हणजे अमोनिया. ओल आणि अमोनिया मिळून, ओढताना पितळेच्या अंगात राहिलेला ताण उकलत असे. १९२१ साली विलायतेत याचा छडा लागला. उपाय साधा निघाला, पुंगळी शेवटी बेताची तापवायची, म्हणजे ताण जातो. आमचा पितळी फवारणी पंप गोठ्यात युरियाच्या पोत्यावर ठेवलेला असायचा, तो एका चौमाशात टाकीच्या काठाशी चिरला. पोराने आपटला म्हणून मी त्याला दोन धपाटे घातले होते. आता वाटते, पोराचा दोष नसावा.

खडकी लांब, पण वरणगाव आम्हाला सायकलच्या अंतरावर. १९६२ ला चीनचे युद्ध झाले, सैन्याला गोळ्या हव्या होत्या, आणि १९६४ साली भुसावळजवळ वरणगावला कारखाना उभा राहिला. तिथल्या पुंगळीच्या बुडावर ओ, एफ, व्ही अशी अक्षरे असतात. आधी ७.६२ मिलिमीटरची गोळी, पुढे इन्सास रायफल आली तेव्हा ५.५६ ची. अंबरनाथ आणि मध्य प्रदेशातले कटनी इथल्या कारखान्यांत पितळेचे काम चालते. म्हणजे एक गोळी चार गावांचे पाणी पिऊन सरहद्दीवर जाते. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खडकी आणि वरणगाव एका कंपनीत गेले, अंबरनाथ आणि कटनी दुसऱ्या. कामगारांनी त्या वेळी बराच विरोध केला होता. सुटीच्या दिवशी आमच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसायचा.

त्या सालदाराचा थोरला मुलगा आयटीआय करून त्याच कारखान्यात लागला. आतले काम काय, हे तो बाहेर सांगत नाही, आणि विचारूही नये. घर बांधले, बापाला सालदारकीतून सोडवले. मागल्या पोळ्याला बाप मला पारावर भेटला. केस पांढरे, पण तंबाखू तीच. मी जागा करून दिली. बराच वेळ बैलांकडे पाहत बसलो. शेवटी मीच काढले, "त्या चांदमारीचं..." त्याने हातावरचा चुना मळत मान हलवली. "दादा, पुंगळी सापडली होती ना?" म्हणाला आणि पुडी माझ्यापुढे केली.