दोनशे किलोमीटर, शर्यत नव्हे

आधी एक कबुली देऊन टाकतो. माझ्या पहिल्या दोनशे किलोमीटरच्या सायकल राइडमधून मी कापूरहोळला बाहेर पडलो, तेव्हा घरी फोन करून "पंक्चर झालंय, जवळच्या ट्यूबही संपल्या" असं सांगितलं होतं. बायको गाडी घेऊन न्यायला आली. वाटेत तिने काही विचारलं नाही. पुढे ते पंक्चर नातेवाइकांत बरंच गाजलं. एका लग्नात तर मामांनी भर पंगतीत "अरे, जरा चांगले टायर घे की" असा सल्लाही दिला. तर मामा, तुम्ही हे वाचत असाल तर सांगतो, टायर उत्तम होते. पंक्चर झालंच नव्हतं.

झालं होतं ते असं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा सायकलवर बसलो होतो. तयारी मात्र शहाण्यासारखी केली होती. आधी रविवारी खडकवासला, मग पानशेत, मग एकदा शंभर, मग पुन्हा शंभर. राइडच्या दिवशी पहाटे सहाला निघालो. कात्रज चढताना पंचविशीतली चार पोरं पुढे गेली आणि त्यातला एक जाता जाता म्हणाला, "काका, सावकाश या." चांगल्या मनानंच म्हणाला असणार. पण ते "काका" कुठेतरी लागलं. खंबाटकीचा माथा येईपर्यंत मी त्या पोरांच्या मागच्या चाकाला चिकटून होतो. पाणी प्यायला थांबलो नाही. खिशातले खजूर खिशातच राहिले. परतीच्या वाटेवर शिरवळला पोटऱ्यांत गोळे आले आणि कापूरहोळला एका हॉटेलच्या बाकावर बसलो तो उठलोच नाही. चाळीसेक किलोमीटर उरले होते आणि हातात अजून चार तास होते. म्हणजे रमतगमत आलो असतो तरी पोचलो असतो!

त्या रात्री झोप लागेना. मग ज्या प्रकारात आपण तोंडावर पडलो तो मुळात काढला कोणी, हे शोधत बसलो. शोधता शोधता लक्षात आलं की कात्रजच्या चढावर माझ्या डोक्यात जे भांडण चाललं होतं, तेच फ्रान्समध्ये शंभरेक वर्षांपूर्वी दोन माणसांमध्ये अगदी उघडपणे होऊन गेलंय.

पण त्याआधी १८९१. त्या वर्षी पिएर जिफार या पत्रकाराने आपल्या 'ल पती जुर्नाल' या दैनिकातर्फे एक अचाट कल्पना मांडली. पॅरिसहून निघायचं, पार पश्चिम टोकाच्या ब्रेस्ट बंदरापर्यंत जायचं आणि परत पॅरिसला यायचं. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. जिफार याला शर्यत न म्हणता 'कसोटी' म्हणत असे. ६ सप्टेंबरला दोनशेहून अधिक लोक निघाले. पहिला आला तो शार्ल तेराँ, ७१ तास २२ मिनिटांत. त्याच्या सायकलला मिशेलिनचे नवे, काढता-घालता येणारे हवेचे टायर होते. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी झिएल-लाव्हाल पुढे होता, पण तो वाटेत झोपला आणि न झोपणारा तेराँ पुढे निघून गेला. इतिहासात नाव राहिलं ते तेराँचं. मला मात्र त्याच्या मागून, पुढच्या कित्येक दिवसांत, एक एक करून पॅरिसला पोचलेल्यांचं जास्त कौतुक वाटतं. पूर्ण करणारे सुमारे शंभर निघाले. त्यातले बहुतेक जण काही जिंकायला आलेले नव्हते. आपल्याला हे जमेल का, एवढंच त्यांना बघायचं होतं. हौशी माणसाची लांब पल्ल्याची सायकल मला तरी इथेच सुरू झालेली दिसते.

आता ती दोन माणसं.

पहिला आंरी देग्रांज. हा स्वतः सायकलपटू, १८९३ मध्ये तासाभरात ३५.३२५ किलोमीटर कापून विक्रम केलेला. पुढे संपादक झाला आणि १९०३ मध्ये त्याने टूर द फ्रान्स सुरू केली. सायकलिंग म्हणजे माणसाच्या ताकदीची परीक्षा, त्यात यंत्राने मदत करता कामा नये, असं त्याचं ठाम मत. गिअर म्हणजे त्याच्या दृष्टीने पळवाट.

दुसरा पॉल द विव्ही. जन्म १८५३चा. सेंत-एतिएन गावातला रेशमाचा व्यापारी, जो तो धंदा सोडून सायकलच्या नादी लागला. १८८७ मध्ये त्याने सायकलवरचं मासिक काढलं आणि त्यात 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो लिहायचा. (आपल्याकडे टोपणनावाने ब्लॉग लिहिणाऱ्या मंडळींनी याला आपला मूळपुरुष मानायला हरकत नाही.) सेंत-एतिएन गाव डोंगराच्या कुशीत. गावातून बाहेर पडलं की चढ. जवळचा रेपुब्लिकचा घाट ११६१ मीटर उंचीवर जातो. अशा गावात राहणाऱ्या माणसाने गिअरचा ध्यास घेतला नसता तरच नवल. एकाच सायकलला दोन चेन, वेगवेगळ्या दातांची चक्रं, असे नाना प्रयोग त्याने केले. 'सिक्लोतुरिझम', म्हणजे सायकलवरची भटकंती, हा शब्दही त्याच्याच नावावर सांगतात.

१९०२ मध्ये डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी झाली. तीत मार्थ एस या बाईंनी तीन गिअरची सायकल चालवून, बिनगिअरच्या सायकलवरच्या एका कसलेल्या सायकलपटूला मागे टाकलं. देग्रांज काही बधला नाही. गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांना ठीक आहेत, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. हे वाचून मी एकटाच हसलो. म्हणजे साहेबांच्या हिशेबाने मी दोन वर्षांपूर्वीच गिअरला पात्र झालो होतो, तरी त्या दिवशी कात्रजवर पोरांसमोर लाज नको म्हणून सगळ्यात हलक्या गिअरला हातच लावला नव्हता! टूरमध्ये डिरेलर गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, देग्रांज आजारपणामुळे बाजूला झाल्यानंतर.

व्हेलोसिओने लांब जाणाऱ्यांसाठी काही नियम लिहून ठेवलेत. ते माझ्या शब्दांत सांगतो. थांबे थोडे आणि छोटे घ्या. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. जेवण नकोसं होईल आणि झोप उडेल इतकं दमू नका. थंडी वाजायच्या आधी अंगावर घाला, उकडायच्या आधी काढा. वाटेत तरी दारू, मांस आणि तंबाखू टाळा. अंगात जोर वाटतो म्हणून जोर लावू नका, विशेषतः पहिल्या काही तासांत. आणि शेवटचा नियम असा, की अहंकारापोटी कधी पेडल मारू नका.

हा शेवटचा नियम वाचून मी लॅपटॉप बंद केला. खजूर, पाणी, गिअर, पोटऱ्या... सगळं त्या एका नियमात आलं होतं.

गंमत अशी, की आज आपण ज्या राइड्स करतो त्यांच्या जन्माला व्हेलोसिओइतकाच देग्रांजही कारणीभूत आहे. १८९७ मध्ये इटलीत बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले होते, २३० किलोमीटर, दिवसाउजेडी. अशांना 'ऑदॅक्स', म्हणजे धाडसी, म्हणू लागले. देग्रांजने १९०४ मध्ये ती कल्पना फ्रान्समध्ये आणली. सगळ्यांनी एका गटात, कॅप्टनच्या मागे, ठरलेल्या वेगाने जायचं. त्याच वर्षी या राइड्स चालवायला 'ऑदॅक्स क्लब पारिझियँ' उभा राहिला. पण पुढे क्लबचं आणि देग्रांजचं बिनसलं आणि १९२१ मध्ये त्याने दिलेली परवानगी काढून घेतली. क्लबने काय करावं? त्याने त्याच वर्षी आपल्या वेगळ्याच राइड्स सुरू केल्या. यात कॅप्टन नाही, ठरलेला वेग नाही. प्रत्येकाने आपापल्या चालीने जायचं, फक्त ठरलेल्या मुदतीत पोचायचं. याला ते 'अलुर लीब्र' म्हणतात, मोकळी चाल. एका भांडणातून ही मोकळीक जन्माला आली म्हणायची.

१९३१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या रस्त्यावर व्यावसायिकांच्या शर्यतीबरोबर हौशी लोकांची मोकळ्या चालीची फेरीही निघाली. तीत स्त्रियाही होत्या. व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली. हौशींची फेरी चालू राहिली आणि १९७५ पासून दर चार वर्षांनी होते, आतापर्यंतची शेवटची २०२३ मध्ये झाली. शर्यत संपली आणि हौस टिकली, हे मला फार आवडलं.

या फेरीसाठी ९० तास मिळतात. पण तिथे जायच्या आधी त्याच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मुदत अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास. हिशेब केलात तर ताशी पंधराच्या आसपास येतो, खाणं, पंक्चर, घाट, चहा सगळं धरून. दोनशे उजेडात संपतं. तीनशे रात्रीची ओळख करून देतं. चारशेला रात्र पूर्ण ओलांडावी लागते. सहाशेत कुठे आणि किती झोपायचं हे शिकावं लागतं. प्रत्येक पायरी पायांपेक्षा डोक्याला काहीतरी नवीन शिकवते. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, किंवा हॉटेलचं बिल, एटीएमची पावती ठेवायची. फार लवकर पोचलात तर कंट्रोल उघडलेलाच नसतो! आणि शेवटी पहिला-दुसरा असा क्रमांक कोणालाच देत नाहीत. मी कात्रजवर ज्या शर्यतीत धावत होतो, ती मुळात नव्हतीच.

आपल्याकडे हे सगळं अलीकडचं, पण हौस तेवढी अलीकडची नाही. पॅरिसमध्ये मोकळ्या चालीच्या राइड्स सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती, तेव्हा ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती १९२८ मध्ये पूर्ण केली, सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांच्या सायकली आजच्या माझ्या सायकलपुढे अवजड गाडेच म्हणायचे. साडेचार वर्षं! एवढ्या वेळात कोणाच्या मागच्या चाकाला चिकटून चालत नाही, स्वतःचीच चाल शोधावी लागते.

व्हेलोसिओ १९३० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सेंत-एतिएनमध्येच ट्रामच्या धडकेने गेला. सत्तरी ओलांडल्यावरही तो लांबच्या राइड्स करत होता. रेपुब्लिकच्या घाटावर त्याचं स्मारक आहे आणि त्याच्या आठवणीत लोक तो घाट सायकलने चढतात. आधी खाणारा, आधी पिणारा, आधी थांबणारा माणूस सगळ्यात जास्त वर्षं चालला, असा याचा साधा अर्थ मी काढलाय.

पुढच्या मोसमात मी पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. हँडलला टायमर लावला होता, दर वीस मिनिटांनी दोन घोट आणि काहीतरी तोंडात. कात्रजला सगळ्यात हलका गिअर टाकला. पोरं पुढे गेली, जाऊ दिली. खंबाटकीच्या माथ्यावर थांबून दोन केळी खाल्ली. परतताना कापूरहोळला त्याच हॉटेलात चहा घेतला, त्याच बाकावर बसून, आणि दहा मिनिटांत उठलो. बारा तास पन्नास मिनिटांत शेवटचा शिक्का पडला. माझ्या मागे दोघंच होते. कार्डावर ते कुठेही लिहिलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोला पंक्चरची खरी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. सायकल गाडीत चढवताना दोन्ही चाकांत टणक हवा होती."

इतके महिने ती काही बोलली नाही. हिलाही आपली चाल माहीत आहे म्हणायची. असो. तीनशेची तारीख जवळ येतेय, आणि मामा, या वेळी पंक्चर झालंच तर फोटो पाठवीन!