नाव न उरलेला चित्रकार

जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. त्या कोणाच्या, हे आपण वाचतो. त्या प्रथम कोणी रंगवल्या, हा प्रश्न सहसा मनात येत नाही.

या मालिकेचा आरंभ १५४७ मधला. गव्हर्नर दों जुआंव द काश्त्रो याने आपल्या पूर्वीच्या गव्हर्नरांची चित्रे करवून घेण्याचे ठरवले. अडचण अशी होती, की आफोंसो द अल्बुकर्क तर १५१५ मध्येच वारला होता. तेव्हा बखरकार गास्पर कोरैया याला बोलावणे गेले. तो १५१२ पासून हिंदुस्थानात होता, अल्बुकर्कचा लेखनिक होता. चेहरे त्याच्या स्मरणात होते आणि हाताला रेखाटनाची सवय होती. रंगकामासाठी त्याच्या जोडीला दिला एक स्थानिक चित्रकार. कोरैयाने तो या भूमीचा माणूस असल्याचे नोंदवले. नाव मात्र दिले नाही.

कधीही न पाहिलेला चेहरा, दुसऱ्याच्या सांगण्याबरहुकूम आणि परक्या पद्धतीने लाकडी फळीवर उतरवायचा, ही परीक्षा लहान नव्हती. पुढे या चित्रांवर वेळोवेळी नवे रंग चढवले गेले. त्या माणसाचा कुंचला आज त्या थरांखाली आहे.

नक्कल करणे हे हलके काम, असा आपला समज असतो. आम्हा जैनांत पोथी नकलून घेणे हे शास्त्रदान मानले जाते. लिपिकार शेवटी संवत आणि गाव लिहितो, पुष्कळदा स्वतःचे नावही, आणि चुकीची क्षमा मागतो. हात तयार होतो तो नकलेनेच. सांग्यात १८७० मध्ये जन्मलेले आंतोनियो शावियेर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. तेथे प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून रेखाटन गिरवावे लागे. पुढे तेथेच ते शिक्षक झाले आणि ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणून ओळखले गेले. शेजारच्या सावंतवाडीचे सा. ल. हळदणकरही त्याच शाळेचे. या दोघांची नावे राहिली, कारण चित्राखाली सही करण्याची रीत तोवर रुळली होती.

आपल्या जुन्या घरांतून आजा-पणजांची तैलचित्रे अजून आहेत. फोटोवरून ती काढणाऱ्याचे नाव घरातल्या कोणाला आठवत असेल, तर ते चौकटीच्या मागे आजच लिहून ठेवावे. कोरैयाला हे दोन शब्दांचे काम होते.