झुलतें घर आणि त्याचा लगाम

मोटारीच्या मागें चाकांवरचें घर जोडून प्रवासास निघण्याची हौस अमेरिकेंत पहिल्या महायुद्धानंतर फोफावली. परंतु वेग वाढतांच मागचें घर डावी-उजवीकडे हेलकावे घेऊं लागे आणि प्रसंगीं मोटारीसही आपल्यासवें खेंचून नेई.

दोषाचें मूळ जोडणींत होतें. जोड मोटारीच्या मागील आंसापासून बराच मागें असे. त्यामुळें घराचा प्रत्येक धक्का तरफेप्रमाणें मोटारीची मागची बाजू वळवी. विमानविद्येचे अग्रणी ग्लेन कर्टिस यांनीं हें मर्म ओळखलें. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या 'एअरोकार'चा जोड थेट मोटारीच्या मागील आंसावर आला. धक्के शोषण्यासाठीं तेथें हवा भरलेलें चाक आडवें बसविलेलें असे. तरफ नाहींशी झाली, तसा हेलकावाहि बळावेना.

कर्टिस १९३० मध्यें निवर्तले. त्यांच्या युक्तीसाठीं मोटारींतच फेरफार करावा लागे. म्हणून बहुतेकांनीं मागचाच जोड पत्करला. त्यांना शिस्तच तारक ठरली. जड सामान आंसालगत, किंचित् पुढें ठेवावें. घराच्या एकूण भारापैकीं १० ते १५ टक्के जोडावर यावा. हेलकावा सुरू झालाच, तर सुकाणूचक्र सरळ धरावें, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलावा आणि घराला स्वतंत्र ब्रेक असल्यास तेवढाच लावावा. वेग वाढवून हेलकावा मोडूं पाहणें घातक. कारण ठराविक वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होतो.

कर्टिस यांनीं जें रचनेनें साधलें, तें इतरांना भाराच्या विभागणीनें आणि संयमानें साधावें लागलें.