उन्हाळी संशोधन प्रशिक्षण (पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्र)

पदवीच्या विद्यार्थ्याने उन्हाळी सुटीत जाणत्या संशोधकाच्या हाताखाली राहून माती, पाणी, हवा यांतील सूक्ष्मजीवांविषयी एखादा प्रश्न स्वतः सोडवू पाहणे. वर्गातल्या प्रात्यक्षिकाचे उत्तर शिक्षकांना आधीच ठाऊक असते. इथे ते कोणालाच ठाऊक नसते.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे टॉमस ब्रॉक यांच्याबरोबर हडसन फ्रीझ हा पदवीचा विद्यार्थी काम करी. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यातील १९६६ च्या नमुन्यातून त्याने ७० अंश सेल्सिअसला सुखाने वाढणारा जीवाणू वेगळा काढला. ‘थर्मस ॲक्वाटिकस’ या नावाने दोघांनी तो १९६९ मध्ये जगापुढे मांडला. त्याच्यातल्या उष्णतेला दाद न देणाऱ्या विकरामुळे डीएनएच्या प्रती काढण्याचे पीसीआर तंत्र सोपे झाले. करोनाकाळात घरोघरी माहीत झालेली चाचणी याच तंत्राची.

भारतात तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. वऱ्हाडातल्या मुलांना नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्थाही जवळची. तरी प्रश्नासाठी फार लांब जावे लागत नाही.

अमरावती जिल्ह्यातला वरूड हा संत्र्याचा तालुका. भूजलाच्या अतिउपशाबद्दलही तो ओळखला जातो. इथल्या बागांना छळणारा डिंक्या आणि मूळकूज हे फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवाचे काम. त्याचे चल बीजाणू पाण्यातून पोहत जातात. म्हणूनच खोडाला पाणी लागू न देणारी दुहेरी आळे पद्धत सुचवली जाते. हा जीव ओळखायला महागडे यंत्रच हवे असे नाही. मुळांजवळची माती पेल्यात घेऊन पाणी घालावे, वर संत्र्याच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवावेत. बीजाणू असले तर ते पानाच्या कडेला येऊन चिकटतात; पुढची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पटते. रोगट आणि निरोगी झाडांखालची, पाटपाण्याच्या आणि ठिबकच्या बागांतली माती अशी ताडून पाहणे हा एका सुटीत पुरा होणारा आणि बागायतदाराच्या थेट कामी येणारा विषय आहे.

असाच दुसरा विषय स्फुरदाचा. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन पिकाला मिळेनासा होतो. तो मोकळा करणारे जीवाणू पिकोव्हस्काया माध्यमावर आपल्या वसाहतीभोवती नितळ वलय उमटवतात. पहिले वलय दिसले की विद्यार्थ्याचा हुरूप वाढतो, आणि या प्रशिक्षणाची खरी कमाई हीच.

प्रश्न पाण्यातही सापडतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. कमी झालेल्या, अधिक खारट पाण्यात वाढलेल्या हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवले. सरोवराचे हे रूप उन्हाळ्यातच दिसले.

उन्हाची अडचण मात्र खरी आहे. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. विहिरीच्या पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी तपासायला घ्यावा लागतो. उशीर झाला, तर जीवाणूंची संख्या बदलते आणि आकडा विहिरीचा न राहता वाटेतल्या उन्हाचा होतो.