गुप्त मतदान आणि प्रकाशाचे नियंत्रण : मतपेटीपासून व्हीव्हीपॅटच्या काचेपर्यंत
(बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

लोकशाही शासनव्यवस्थेत गुप्त मतदानाचे महत्त्व सर्वमान्य आहे. मात्र ही गुप्तता प्रत्यक्षात कोणत्या साधनांनी राखली जाते, याकडे इतिहासलेखनात फारसे लक्ष दिले जात नाही. दिनांक २६ एप्रिल २०२४ रोजी बुलढाणा लोकसभा मतदारसंघात मतदान सुरू होते. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रांसंबंधीच्या याचिकांवर निकाल दिला. त्यातील एक मुद्दा व्हीव्हीपॅट यंत्राच्या खिडकीला बसविलेल्या गडद काचेचा होता. मतदाराने काय पाहावे, इतरांनी काय पाहू नये आणि ते ठरविणारा प्रकाश कोणाच्या हाती असावा, हा त्यामागील प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

आडोशाची गुप्तता :

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी असे व पेटीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. मतदाराने आडोशामागे जाऊन पसंतीच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकायची, एवढीच कृती होती. निरक्षर मतदारांसाठी ती सोयीची होती. परंतु आडोशामागे कोणी पाहत नसल्याने मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेणेही शक्य होते. १९६२ च्या निवडणुकीपासून बहुतेक ठिकाणी एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. आता आडोशात फक्त शिक्का मारायचा होता; घडी घातलेली मतपत्रिका सर्वांसमक्ष एकाच पेटीत पडू लागली. या संपूर्ण काळात गुप्ततेचे साधन म्हणजे एक पडदा व कागदाची एक घडी एवढेच होते.

दिवा आणि आवाज :

इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचा पहिला वापर १९ मे १९८२ रोजी केरळमधील परूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर झाला. कायद्यात यंत्राची तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध ठरविला. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-क समाविष्ट झाले आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली.

यंत्रामुळे एक नवी अडचण निर्माण झाली. कागद स्वतः प्रकाश देत नाही. यंत्र मात्र दिवा लावते आणि आवाजही करते. बटण दाबताच उमेदवाराच्या नावापुढील लाल दिवा लागतो. तो मतदान कक्षाच्या अपारदर्शक भिंतींमुळे झाकला जातो, परंतु आवाज सर्वांना ऐकू जातो. त्यामुळे बटण न दाबणारा मतदार तत्काळ उघडा पडत असे. शिवाय नियम ४९-ओ अन्वये मत न देण्याचा निर्णय नोंदवहीत स्वाक्षरीसह नमूद होई. दिनांक २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही बाब गुप्ततेचा भंग मानली आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण अस्तित्वात आले.

काचेची गुप्तता :

व्हीव्हीपॅटचा पहिला वापर ४ सप्टेंबर २०१३ रोजी नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत झाला. उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि नंतर कापली जाऊन बंद पेटीत पडते. आरंभी खिडकीची काच पारदर्शक होती. २०१७ मध्ये ती बदलून गडद काच बसविण्यात आली, याकडे याचिकाकर्त्यांनी लक्ष वेधले होते. आतील दिवा लागला असता चिठ्ठी दिसते व विझताच खिडकी काळी होते.

यामागील भौतिकी साधी आहे. समजा काच निम्मा प्रकाश पलीकडे जाऊ देते. आतील दिव्याचा प्रकाश ती एकदाच ओलांडतो, म्हणून निम्मा बाहेर येतो. बाहेरचा प्रकाश मात्र आत जाताना व चिठ्ठीवरून परतताना अशी दोनदा काच ओलांडतो, म्हणून चतुर्थांशच उरतो. काच जितकी गडद, तितका हा भेद मोठा. बँकेच्या एटीएमवर किंवा भ्रमणध्वनीवर लावल्या जाणाऱ्या गोपनीयता पटलाचे तत्त्व निराळे आहे. त्यात पारदर्शक प्लास्टिकमध्ये अतिसूक्ष्म काळ्या पट्ट्या उभ्या बसविलेल्या असतात. समोरचा प्रकाश त्यांमधून निघतो, तिरका प्रकाश अडतो. जुन्या वाड्यांच्या झडपांच्या खिडक्यांची रचना आठवल्यास हे लक्षात येईल. पटल प्रकाशाची दिशा नियंत्रित करते, तर व्हीव्हीपॅटची काच दिव्याच्या साहाय्याने दिसण्याचा काळ नियंत्रित करते. दिशेचे काम तेथे आजही मतदान कक्षच करतो.

प्रकाश केवळ पाहणाऱ्यावरच परिणाम करतो असे नाही. २८ मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत अनेक व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली व ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. यंत्रातील संवेदकावर थेट पडलेला अतिरिक्त प्रकाश हे निवडणूक आयोगाने त्याचे एक कारण सांगितले. त्यामुळे मतदान कक्ष खिडकीपासून दूर ठेवणे ही निवडणूक कर्तव्यावरील प्राध्यापकांना किरकोळ वाटणारी दक्षता गुप्तता व यंत्र या दोहोंसाठी आवश्यक ठरते.

गुप्तता आणि खात्री :

चिठ्ठी कापली जाऊन पेटीत पडताना मतदारास दिसत नाही, म्हणून काच पारदर्शक असावी, असा याचिकाकर्त्यांचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती संजीव खन्ना व न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने तो अमान्य केला. गडद काच इतरांपासून गुप्तता राखण्यासाठी असून मतदारास ७ सेकंद चिठ्ठी स्पष्ट दिसते, असे निकालात नमूद आहे. हे उत्तर गुप्ततेपुरते पुरेसे आहे. परंतु आक्षेप गुप्ततेचा नसून खात्रीचा होता. इतरांसाठी लावलेला अंधार ७ सेकंदांनंतर स्वतः मतदारासही लागू होतो, हे मान्य केले पाहिजे. मतदाराची उर्वरित खात्री चिठ्ठ्यांच्या मोजणीवर अवलंबून राहते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचा २०१९ चा आदेश पाहता, सहा विधानसभा क्षेत्रांच्या बुलढाणा मतदारसंघात ही संख्या ३० होते. (जिल्ह्यातील मलकापूर हे सातवे क्षेत्र रावेर मतदारसंघात आहे.)

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नमुना २० मध्ये मते केंद्रनिहाय प्रसिद्ध होतात. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील लहान गावांत, जेथे एकच केंद्र असते, तेथे व्यक्तीचे मत झाकलेले राहते. परंतु गावाचे मत उघड होते. रस्ता, पाणी यांसाठी सत्तेच्या दाराशी जाणाऱ्या गावाला ही उघडीक महाग पडू शकते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांची मते मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रांसाठी तशीच सोय करणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये मांडला व विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्यास पाठिंबा दिला, तथापि तो अमलात आला नाही.

निष्कर्ष :

१) भारतीय मतदानाची गुप्तता आडोशाकडून प्रकाशाच्या नियंत्रणाकडे सरकली आहे, तरीही आडोसा अनावश्यक झालेला नाही.
२) इतरांची नजर अडविणारे साधन मतदाराच्या पडताळणीवरही मर्यादा घालते. ती भरून काढण्यासाठी चिठ्ठ्यांच्या मोजणीची व्याप्ती हा विचारार्ह मुद्दा ठरतो.
३) काच कितीही गडद केली तरी केंद्रनिहाय निकालातून लहान गाव उघडे पडते. एकत्रित मोजणीशिवाय ग्रामीण मतदाराची गुप्तता अपुरीच राहील.