सोयाबीन निघाल्यावर रानातले जीव जातात कुठे? रेणापूरच्या परसबागेत आणि शिवारात शरद ऋतूत काय पाहाल?

लातूर जिल्ह्यातील रेणापूर परिसरात सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीन पिवळे पडू लागते. मग काढणीची घाई सुरू होते आणि पंधरा-वीस दिवसांत शिवाराचे रूप पालटते. कालपर्यंत गुडघाभर हिरवे असलेले रान उघडे पडते. शेतकऱ्याचे लक्ष मोंढ्यातल्या भावाकडे असते. त्याच दिवसांत आणखी एक मोठी हालचाल सुरू असते, ती म्हणजे त्या पिकात राहणाऱ्या जिवांचे स्थलांतर.

फुलपाखरे, कोळी, बेडूक, सरडे, लावे, ससे आणि साप या सगळ्यांना आसरा हवा असतो. तो मिळतो बांधावर, तुरीच्या ओळींत, ओढ्याकाठी आणि घरामागच्या परसबागेत. म्हणूनच निसर्ग पाहण्यासाठी वर्षातला हा सर्वांत सोपा काळ आहे. त्यासाठी जंगलात जावे लागत नाही, मागचे दार उघडले तरी पुरते.

शरद ऋतू म्हणजे नेमका कोणता काळ?

पंचांगानुसार अश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ. पाश्चात्त्य देशांत या सुमारास झाडांची पाने लाल-पिवळी होऊन गळतात. मराठवाड्यात तसे होत नाही. इथल्या बहुतेक झाडांची पानगळ त्यानंतर, हिवाळा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर होते.

इथला शरद म्हणजे पाऊस नुकताच परतलेला, ओढे-विहिरी भरलेल्या, गवत उंच वाढून त्याला बी धरलेले आणि दुपारी ऑक्टोबरचा चटका. पाणी, बी आणि कीटक हे तिन्ही मुबलक असल्याने पक्ष्यांसाठी ही सुगीच असते. पावसाळ्यात जन्मलेली पिल्ले या काळात स्वतः चारा शोधायला शिकत असतात. त्यामुळे झाडांवर गलकाही जास्त असतो.

परसबागेत काय दिसते?

लिंबू आणि कढीपत्ता : कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला, तर तो पुसू नका. बहुधा ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती असे सोंग घेते आणि मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. मोठ्या झाडाची चार पाने गेल्याने फरक पडत नाही. रोप लहान असेल, तर अळी अलगद उचलून मोठ्या झाडावर सोडता येते.

रुई आणि घोळ : कुंपणालगतच्या रुईवर पांढऱ्या, काळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. तिचे पुढे नारिंगी फुलपाखरू होते. रुईच्या चिकातले विष अळीच्या अंगात साठते, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. याचा फायदा दुसऱ्या एका जातीची मादी घेते. तिच्या अंगात विष नसते, पण रंग हुबेहूब तसाच असतो. या नकली नारिंगी फुलपाखराची अळी घोळीवर वाढते, म्हणजे ज्या घोळीची आपण भाजी करतो तिच्यावर.

जास्वंद : इथे येणारा शिंजीर (सूर्यपक्षी) या दिवसांत ओळखू येत नाही. विणीच्या हंगामात नर चकचकीत जांभळा-काळा असतो. हंगाम संपला की तो मादीसारखा मळकट पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. हिवाळा सरता सरता त्याला पुन्हा रंग चढतो.

तुळस : तुळशीच्या लग्नापर्यंत तुळस मंजिऱ्यांनी भरलेली असते. सकाळच्या उन्हात तिच्यावर लहानखुऱ्या फुलोरी मधमाश्या दिसतात. सगळ्या मंजिऱ्या एकदम खुडल्या, तर त्यांचा चारा जातो. अर्ध्या ठेवल्या तर बीही मिळते.

कोळ्याची जाळी : पावसाळ्यात बारीक असलेले कोळी आता पूर्ण वाढलेले असतात. जाळ्याच्या मधोमध जाड पांढरी नागमोडी नक्षी आणि त्यावर फुलीसारखे पाय जोडून बसलेला कोळी दिसला, तर तो सिग्नेचर स्पायडर. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. बाभळी-बोरीच्या काट्यांत मळकट जाळ्यांचा गुंता दिसला, तर ती बहुधा एकत्र राहणाऱ्या कोळ्यांची वसाहत असते. कोळी सहसा एकटे राहतात, त्यामुळे असे कुटुंब ही मोठी नवलाई आहे.

विहिरीवरचे खोपे : विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकणारे सुगरणीचे खोपे आता रिकामे होत आलेले असतात. पण ते निरुपयोगी नसतात. मुनियांसारखे छोटे पक्षी अशा जुन्या घरट्यांत रात्र काढतात. शोभेसाठी खोपा तोडून आणणे म्हणजे कुणाचे तरी घर आणणे.

परसबाग या जिवांसाठी कशी ठेवावी?

यासाठी खर्च नाही. थोडे कमी आवरले तरी पुरते.

• पालापाचोळा जाळू नका. परसाच्या टोकाला, घरापासून दूर त्याचा ढीग करा. त्यात बेडूक आणि सापसुरळ्या राहतात. सापसुरळी विषारी नसते, ती किडे खाते.
• सरपण आणि विटा मात्र भिंतीला टेकवून ठेवू नका. उंदीर तिथे घर करतात आणि उंदरांमागे साप येतो.
• पसरट परळात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि हे दिवस डेंग्यूचेही असतात.
• सीताफळाची दोन-चार फळे झाडावरच पिकू द्या. बालाघाटच्या माळावर सीताफळ मुबलक येते आणि बुलबुलांना ते आवडते.
• उंदरांसाठी विष घालणे टाळा. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर घुबडही मरते. गव्हाणी घुबडाची जोडी पिल्ले वाढवताना ढिगाने उंदीर मारते.

शेतात हाच विचार पक्षी थांब्यांच्या रूपात येतो. तूर आणि हरभऱ्यात घाटेअळीसाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या रोवल्या जातात. त्यांच्यावर कोतवाल, वेडा राघू असे पक्षी बसतात आणि अळ्या व पतंग टिपतात.

दूरचे पाहुणे कोण?

स्थानिक जीव आसरा शोधत असतानाच उत्तरेकडून पाहुणे यायला लागतात. ओलसर जागेत शेपटी वरखाली हलवत चालणारा धोबी हिमालय आणि त्यापलीकडून येतो. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्या मध्य आशियाकडून येतात. संध्याकाळी त्यांचे थवे आकाशात धुरासारखे वळतात. त्या ज्वारीचे दाणे खातात म्हणून बदनाम आहेत, पण नाकतोडेही तितक्याच आवडीने खातात. गवताळ माळावर अगदी खालून, तरंगत उडणारा शिकारी पक्षी दिसला, तर तो बहुधा भोवत्या.

सर्वांत थक्क करणारा प्रवासी मात्र बोटभर लांबीचा आहे. ऑक्टोबरमध्ये अंगणावर घिरट्या घालणाऱ्या पिवळसर चतुरांपैकी एक जात भारतातून निघून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडते आणि पूर्व आफ्रिकेत पोहोचते, असे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. जाऊन-येऊन १४,००० ते १८,००० किलोमीटरची ही फेरी एक चतुर पूर्ण करत नाही. ती अनेक पिढ्यांत मिळून पूर्ण होते.

दसऱ्याला नीलकंठ का पाहतात?

सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडून शिवारात जाणे. ती एका अर्थी शरदातली जुनी सहलच आहे. त्या दिवशी नीलकंठाचे दर्शन शुभ मानले जाते. हा पक्षी बसलेला असताना मातकट वाटतो, पण तारेवरून झेपावला की पंखांतला निळा रंग उघडतो. शेजारच्या तेलंगणात त्याला पालपिट्टा म्हणतात. तिथला आणि कर्नाटकाचाही तो राज्यपक्षी आहे. लातूरचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे दसरा आणि नीलकंठ हा धागा दोन्हीकडे सापडतो.

मात्र या श्रद्धेपायीच देशात काही ठिकाणी नीलकंठ पकडून, पाय बांधून, पैसे घेऊन दाखवले जातात. दिवाळीच्या सुमारास घुबडांवरही अंधश्रद्धेपोटी संकट येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार हे पक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. दर्शन घ्यायचे असेल, तर विजेच्या तारांकडे पाहत शिवारात चक्कर मारावी. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात कीटक सहज दिसतात, म्हणून नीलकंठ तिथे हमखास टेहळणी करतो.

फिरायला कुठे जावे?

रेणा नदी आणि भंडारवाडी : मांजरेला मिळणाऱ्या रेणा नदीवर रेणापूर तालुक्यात भंडारवाडी येथे मध्यम प्रकल्प आहे. अशा जलाशयांच्या उथळ काठावर लांब गुलाबी पायांचे शेकाट्या, तुतवार आणि बगळे शोधावेत. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक ओळखायला सोपे आहे. थंडी वाढेल तशी स्थलांतरित बदके येतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी हेच चित्र पार बदलते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे इथल्या कुणाला सांगायला नको.

वडवळ नागनाथचे बेट : चाकूर तालुक्यातील ही टेकडी औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. लोक तिला संजीवनी बेट म्हणतात. पावसाळा सरताना इथे गवत आणि रानफुले भरात असतात. वनस्पती पाहाव्यात, फोटो काढावेत, पण मुळासकट उपटू नयेत.

अंबाजोगाई : रेणापूरहून जवळच्या या गावात योगेश्वरीचे मंदिर आहे, तसेच दरीच्या परिसरात मुकुंदराजांची समाधी आहे. बालाघाटचा कडा आणि पावसानंतरची हिरवाई एकाच फेरीत पाहता येते.

सकाळी सूर्योदयानंतरचे दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास उत्तम. दुपारच्या उन्हात पक्षी सावलीला बसतात. दुसऱ्याच्या रानात उतरण्यापूर्वी मालकाला विचारावे. काढणीच्या दिवसांत ही विचारपूस जास्तच महत्त्वाची.

साप दिसला तर काय करावे?

आसरा शोधणाऱ्यांत सापही असतात. काढलेल्या सोयाबीनच्या गंजीखाली गारवा आणि उंदीर दोन्ही असतात. त्यामुळे पेंढ्या उचलताना आधी काठीने हलवाव्यात, पायात बूट घालावेत आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण बिनविषारी असून ती उंदीर खाते.

साप घरात आला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठावे. सापाच्या विषावर खात्रीचा उपाय म्हणजे रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस.

फोटो टाकण्यापूर्वी

मोबाइलमुळे प्रत्येक अंगण आता नोंदवहीच झाले आहे. त्याचा उपयोगही होतो आणि नुकसानही. घरट्याचा किंवा घुबडाच्या ढोलीचा नेमका पत्ता टाकू नये. साप हातात धरून रील करणे जिवावर बेतू शकते आणि कायद्यातही अडकवू शकते. काळविटांच्या कळपामागे गाडी पळवून व्हिडिओ काढू नये.

त्याऐवजी तारीख, गाव आणि पक्ष्याचे नाव ईबर्डवर किंवा फुलपाखराचा फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला, तर तो अभ्यासकांच्या कामी येतो. सुरुवातीसाठी चांगला मुहूर्तही आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

त्या आठवड्यात रोज सकाळी दहा मिनिटे परसदारी बसून दिसेल ते लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर तीच वही पुन्हा उघडली, की कोण परत आले आणि कोण आले नाही, हे घरच्या घरी कळेल.