आलिशान मोटार स्वस्तात, देखभाल मात्र मूळ किमतीची!

नाशिक, प्रतिनिधी : पन्नास लाखांची मोटार दहा-बारा वर्षांनी आठ-दहा लाखांत मिळू लागली, की अनेकांची दडलेली हौस डोके वर काढते. नव्या हॅचबॅकच्या पैशांत दाराशी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी उभी राहणार असेल, तर मोह कोणाला होणार नाही? मात्र व्यवहाराच्या भरात एक साधी गोष्ट नजरेआड होते. काळाबरोबर गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही. दहा लाखांना घेतलेल्या गाडीची दुरुस्ती पन्नास लाखांच्या गाडीच्याच दराने करावी लागते. साठवलेली पुंजी मोडून अशी गाडी घेणाऱ्याने हे गणित आधीच मांडलेले बरे.

जुळणी महाराष्ट्रात, भाग परदेशातून

यातील बऱ्याच गाड्यांची जुळणी नाशिकपासून दोन-अडीचशे किलोमीटरच्या परिघातच झालेली असते. मर्सिडीजने 1995 मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळणी सुरू केली आणि 2009 मध्ये आपला कारखाना चाकणला हलवला. स्कोडाने 2001 मध्ये, तर ऑडीने 2007 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे काम सुरू केले. तरीही इंजिन, गिअरबॉक्स व इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे अनेक भाग परदेशातून येतात. युरोचा भाव आणि सीमाशुल्क यांचा भार अखेर ग्राहकावरच पडतो.

बिघाड कुठे संभवतात?

गिअरबॉक्स : फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांतील सात गतींचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स स्कोडा सुपर्बच्या 1.8 लिटर पेट्रोल गाडीतही होता. त्याचे नियंत्रण करणारा मेकॅट्रॉनिक संच हे त्याचे नाजूक अंग होय. या गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून 2013 मध्ये चीनमध्ये सुमारे 3 लाख 84 हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसणे, गिअरचा दर्शक लुकलुकणे ही पूर्वलक्षणे समजावीत.

इंजिन : बीएमडब्ल्यूच्या 2007 नंतरच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. चेन झिजली की भागापेक्षा मजुरीच जड होते, कारण तेथपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ऑडीच्या 2009 ते 2011 या काळातील दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाबाबत जादा ऑइल खाण्याची तक्रार होती. त्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावाही दाखल केला होता.

सस्पेन्शन आणि ब्रेक : एअर सस्पेन्शनच्या गाडीत रबरी फुगे जुने होऊन हवा गळते. मग कॉम्प्रेसर सतत चालू राहतो आणि तोही निकामी होतो. रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात खचलेली दिसली, तर तो व्यवहार थांबवावा. मर्सिडीजच्या 2002 नंतरच्या ई-क्लासमधील इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणेसाठी 2004 व 2005 मध्ये जगभरात गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्या पिढीची गाडी घेताना या कामाची नोंद मागावी.

डीपीएफ : नव्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. घर ते कार्यालय एवढ्याच फेऱ्या असतील, तर गाळणी तुंबते. अशांनी पेट्रोल गाडीचा विचार करावा.

घाटाची परीक्षा, पुराची शंका

गाडी रिकाम्या रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून काही कळत नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना ते स्वतः सुरू करावे. टायमिंग चेनचा खडखडाट पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो. शक्य असल्यास एसी सुरू ठेवून कसारा घाट चढून पाहावा. रेडिएटरभोवतीचे प्लास्टिकचे पाइप, कूलंटची टाकी आणि पाण्याचा पंप यांची खरी परीक्षा चढावरच होते.

मुंबईतील 26 जुलै 2005 चा महापूर, गोदाकाठचा 2016 चा पूर किंवा कोल्हापूर-सांगलीतील 2019 चा पूर आठवावा. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. गालिच्याखालची माती, सीटच्या पट्ट्यांवरील चिखलाची रेघ, आसनाखालील गंजलेले स्क्रू आणि कोंदट वास या खुणा सहसा लपत नाहीत. संगणकीय स्कॅनर लावून सर्व नियंत्रण संच तपासून घेण्याचा खर्च मामुली असतो. तो टाळू नये.

समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांनी टायरचे वय आवर्जून पाहावे. टायरवरील चार आकडी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी रबर म्हातारे झालेले असते.

दरवर्षीचा खर्च

गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते, पेट्रोल लिटरला 105 रुपये आणि शहरात सरासरी दहा किलोमीटर, असे धरल्यास वर्षाला 1 लाख 26 हजार रुपये इंधनालाच लागतात. लिटरला 18 किलोमीटर देणाऱ्या छोट्या गाडीला हेच 70 हजारांत भागते. 1500 सीसीपुढील खासगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता जून 2022 मध्ये 7,897 रुपये ठरवण्यात आला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. त्यात रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर 50 टक्के घसारा कापला जातो, म्हणजे निम्मा खर्च मालकाच्या खिशातून जातो. पावसाळ्यात बुटक्या सेडानच्या इंजिनात पाणी शिरण्याचा धोका असल्याने इंजिन संरक्षणाचे कलम विम्यात असलेले बरे.

गाडीची पंधरा वर्षे भरत आली असल्यास पुनर्नोंदणीचा विचार करावा. हे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5 हजार रुपये झाले, तर वीस वर्षांपुढील मोटारींसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ते 10 हजार करण्यात आले. पर्यावरण कर त्याशिवाय.

कागदपत्रांत चालढकल नको

दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल व पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवले. त्यात पुढे बदल झाले. तथापि त्या भागातील गाड्या कमी भावात इतर राज्यांत येण्यास त्यातून चालना मिळाली. परराज्यातील गाडी स्वस्त वाटली, तरी ना हरकत दाखला, येथील कर आणि एमएच 15 ची नवी नोंदणी यांचा खर्च धरूनच तुलना करावी. आरसी बुकावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास हस्तांतराची माहिती 14 दिवसांत आरटीओला कळवावी लागते. विमाही त्याच मुदतीत नावावर करून घ्यावा, अन्यथा अपघातानंतर नुकसानभरपाई अडू शकते. हा इशारा विकणाऱ्यालाही लागू आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक आणि भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

आलिशान गाडीची हौस करूच नये, असे नाही. सर्व्हिसिंगच्या पूर्ण नोंदी असलेली, एकाच मालकाने जपलेली गाडी पुढेही समाधान देऊ शकते. मात्र बजेट दहा लाखांचे असेल, तर गाडी सात-आठ लाखांचीच पाहावी आणि उरलेली रक्कम पहिल्या मोठ्या दुरुस्तीसाठी बँकेत राखून ठेवावी. ती बाजूला काढणे शक्य नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडणारी नाही.